कालचा दिवस कसा गेला? : क्षेत्र निवडण्याआधी त्या क्षेत्रातल्या माणसांशी कसं बोलावं

नोकरीची जाहिरात वाचली की जबाबदाऱ्या कळतात, पात्रता कळते, 'वेगवान वातावरणात काम करण्याची तयारी' हवी हेही कळतं. त्या पदावरचा माणूस सकाळी आल्यावर आधी काय उघडतो, अर्धा दिवस कुठल्या मीटिंगमध्ये जातो आणि कशाने वैतागतो, हे मात्र त्यात कुठेच नसतं. अभ्यासक्रमाच्या माहितीपत्रकात तर नसतंच. ते त्या माणसालाच ठाऊक असतं, आणि नीट विचारलं तर तो बहुधा सांगतो.

असं विचारायला जाणं म्हणजे इन्फॉर्मेशनल इंटरव्ह्यू. इथे आपण त्याला माहितीभेट म्हणू. वीस ते तीस मिनिटांचं बोलणं असतं, समोरासमोर, फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर. प्रश्न तुम्ही आणायचे, घड्याळ तुम्ही बघायचं, ऐकायचंही तुम्हीच. शेवटच्या वर्षाला असलेला विद्यार्थी, पहिल्या नोकरीत जीव न रमलेला, दहा वर्षांनी क्षेत्र बदलू पाहणारा, मोठ्या खंडानंतर पुन्हा कामावर येऊ इच्छिणारी, या सगळ्यांसाठी रीत एकच आहे.

एक अट सुरुवातीलाच सांगतो, कारण ती मोडली की बाकीचं सगळं फुकट जातं. या भेटीत नोकरी मागायची नाही. आडून नाही, 'काही असेल तर बघा' असंही नाही. नोकरी मागितली की समोरच्याकडे दोनच उत्तरं उरतात, हो किंवा नाही, आणि हो म्हणणं बहुतेकांच्या हातात नसतं. मग तो सावध होतो, गोलगोल बोलू लागतो, आणि जे ऐकायला तुम्ही गेलात तेच ऐकायला मिळत नाही. जागा निघालेली असेल आणि ती हवी असेल, तर सरळ अर्ज करावा, त्यात कमीपणा काहीच नाही. माहितीच्या नावाखाली नोकरी मागायला आलेला माणूस दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला ओळखू येतो.

दुसऱ्याचा अनुभव कशाला विचारायचा?

'मला काय आवडेल ते मलाच कळणार' असं आपल्याला वाटतं. मानसशास्त्रज्ञ डॅनियल गिल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक प्रयोग छापला. एका तरुणाशी पाच मिनिटांची ओळखभेट आपल्याला किती आवडेल, याचा अंदाज काही तरुणींना करायचा होता. काहींना त्याची माहिती आणि फोटो दिला, तर काहींना एवढंच सांगितलं की याआधी भेटलेल्या एका तरुणीला ती भेट किती आवडली. दुसऱ्या गटाचे अंदाज जास्त बरोबर निघाले. गंमत म्हणजे माहिती आणि फोटोच जास्त उपयोगी पडतील, असं बहुतेकींना वाटत होतं.

नोकरी निवडताना आपण हेच करतो. पदाचं वर्णन वाचतो आणि मनात चित्र रंगवतो. ते काम रोज करणाऱ्याला मात्र विचारत नाही.

पायरी १ : आधी आपला प्रश्न बारीक करा

'मला मार्केटिंगबद्दल जाणून घ्यायचंय' हा प्रश्न नव्हे. यावर समोरचा तासभर बोलू शकतो आणि तुम्ही रिकाम्या हातांनी परत येऊ शकता.

एका कागदावर तीन गोष्टी लिहा. या कामाबद्दल मला नक्की काय माहीत आहे, मी काय गृहीत धरलंय, आणि वाचून काय कळत नाही. दुसरी यादी सगळ्यात कामाची. डेटा ॲनालिस्ट व्हायची इच्छा असलेल्या मुलीच्या यादीत असं काही येईल: 'दिवसभर एकटीने काम करायचं असतं', 'गणित उत्तम हवं', 'लोकांशी फारसं बोलावं लागत नाही'. यातलं प्रत्येक वाक्य खरं आहे का, हे भेटीत तपासता येतं.

त्याच कागदाच्या तळाशी आणखी एक ओळ लिहा: काय कळलं तर मी हा नाद सोडून देईन? कोणाला रात्रपाळी चालत नाही, कोणाला महिन्यातले पंधरा दिवस प्रवास, तर कोणाला अनोळखी माणसांना फोन करणं. ही ओळ आधी लिहून ठेवली नाही तर भेटीत कानांवर पडलेली नकोशी गोष्ट आपण सोयीस्कर विसरतो. मनाने आधीच होकार दिलेला असेल तर माणूस हवं तेवढंच ऐकतो.

भेटीआधी जे वाचून कळतं ते वाचून घ्या. अमेरिकेच्या श्रम खात्याचा 'ओनेट' नावाचा मोफत माहितीसंच आहे. त्यात नऊशेहून अधिक व्यवसायांची रोजची कामं, लागणारी कौशल्यं, वापरली जाणारी साधनं नोंदवलेली आहेत. तिथले पगाराचे आकडे अमेरिकेबाहेर लागू नाहीत, पण कामांची यादी प्रश्न तयार करायला फार उपयोगी पडते. यादी समोर ठेवून 'यातलं तुम्ही खरोखर किती करता?' असं विचारता येतं. जे कंपनीच्या संकेतस्थळावर लिहिलंय ते विचारण्यात समोरच्याची पाच मिनिटं घालवली, तर तो मनातल्या मनात घड्याळ बघायला लागतो.

पायरी २ : माणसं कुठे शोधायची

पहिला विचार येतो तो जवळच्या मित्रांचा, नातेवाइकांचा. तिथून सुरुवात करायला हरकत नाही, पण तिथेच थांबू नका. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी अमेरिकेतल्या न्यूटन या उपनगरातल्या, नुकतीच नोकरी बदललेल्या माणसांना विचारलं, की ज्या ओळखीतून नोकरी कळली त्या माणसाला तुम्ही किती वेळा भेटत होता? ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी आठवड्यातून दोनदा तरी भेटणारे १७ टक्क्यांच्या आत निघाले. वर्षातून एकदा किंवा त्याहूनही कमी भेटणारे जवळपास २८ टक्के होते, आणि उरलेले निम्म्याहून अधिक या दोहोंच्या मधले. १९७३ साली त्यांचा यावरचा निबंध प्रसिद्ध झाला. कारण सरळ आहे. जवळच्या माणसांना बहुधा तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं, आणि लांबच्या ओळखीचा माणूस वेगळ्या वर्तुळात वावरतो.

न्यूटनमधला नमुना लहान होता. पुढे २०२२ साली लिंक्डइनच्या दोन कोटींहून अधिक सदस्यांवरच्या प्रयोगांचा अभ्यास 'सायन्स'मध्ये आला. त्यातही विरळ ओळखीच जास्त कामाच्या ठरल्या, पण अगदीच नावापुरत्या नव्हेत. सगळ्यात उपयोगी ठरल्या त्या मधल्या, म्हणजे थोडे सामाईक ओळखीचे लोक असलेल्या. आपल्यासाठी याचा अर्थ एवढाच, की ज्याचं नाव ऐकून 'हां, हां, ओळखतो' म्हणता येईल पण ज्याच्याशी तीन वर्षांत बोलणं झालेलं नाही, अशांची यादी करा.

त्या यादीत कोण कोण बसेल? कॉलेजातले तीन-चार वर्षं पुढचे विद्यार्थी, जुन्या ऑफिसातले सहकारी जे आता दुसरीकडे आहेत, भावंडांचे सहकारी, ज्यांचं व्याख्यान ऐकलं ते वक्ते, व्यावसायिक संघटनांचे सभासद. लिंक्डइनवर कॉलेजच्या पानावर माजी विद्यार्थ्यांचा विभाग असतो. तिथे क्षेत्र, कंपनी, शहर असं गाळून पाहता येतं. 'आपण एकाच कॉलेजचे' हे पहिल्या ओळीत आलं की उत्तर मिळण्याची शक्यता वाढते.

आता नवखे हमखास करतात ती निवड: थेट सर्वात मोठ्या पदावरच्या माणसाला गाठायचं. माझं मत याच्या विरुद्ध आहे. वीस वर्षांपूर्वी क्षेत्रात आलेल्या संचालकांना सुरुवातीचं काम आठवतं ते जुन्या काळातलं. आज नवा माणूस कसा घेतला जातो, पहिल्या वर्षी त्याच्याकडून काय करून घेतात, हे दोन ते पाच वर्षं अनुभव असलेल्यालाच नीट सांगता येतं. शिवाय त्याच्याकडे वेळही जास्त असतो आणि कोणी सल्ला विचारला याचं अप्रूपही.

आणखी दोन प्रकारची माणसं मुद्दाम शोधा. एक, तेच काम वेगळ्या आकाराच्या ठिकाणी करणारा. मोठ्या कंपनीतला अकाउंटंट आणि आठ माणसांच्या फर्ममधला अकाउंटंट यांचे दिवस एकमेकांना ओळखही दाखवणार नाहीत. दुसरा, ते क्षेत्र सोडून गेलेला. हा कोणाच्याच यादीत नसतो. जे टिकले त्यांच्याशीच बोललं तर क्षेत्र चांगलंच वाटणार, कारण ज्यांना ते जमलं नाही ते तिथे उरलेच नाहीत.

पायरी ३ : निरोप लिहिणं

अनोळखी माणसाला लिहायचं म्हटलं की बहुतेकांचा हात अडखळतो. 'त्यांना कुठे वेळ असणार', 'काय म्हणतील'. फ्रान्सिस फ्लिन आणि व्हेनेसा लेक या संशोधकांनी २००८ मध्ये ही भीती मोजून पाहिली. पाच अनोळखी लोकांकडून प्रश्नावली भरून घ्यायची तर किती जणांना विचारावं लागेल, असं सहभागींना आधी विचारलं. त्यांचा अंदाज वीसच्या आसपास होता. प्रत्यक्षात दहा-अकरा जणांना विचारल्यावर काम झालं. तिथे माणूस समोर उभा होता, त्यामुळे नाही म्हणणं अवघड. लेखी निरोपाला नकार देणं किंवा गप्प बसणं सोपं असतं, तेव्हा तोच हिशेब इथे धरू नका. पण आपण नकाराची भीती वाढवून बघतो, एवढं खरं.

निरोप असा असू शकतो:

> नमस्कार मॅडम,
> मी संख्याशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे विमा क्षेत्राकडे जावं की औषधांच्या चाचण्यांमधल्या आकडेवारीच्या कामाकडे, हे ठरवते आहे. तुम्ही आधी विम्यात होतात आणि नंतर चाचण्यांच्या कामाकडे आलात, हे तुमच्या प्रोफाइलवर वाचलं. दोन्हीकडचं रोजचं काम पाहिलेलं आणखी कोणी माझ्या माहितीत नाही.
> येत्या दोन आठवड्यांत तुमच्या सोयीने वीस मिनिटं फोनवर बोलता येईल का? नोकरीसाठी विचारत नाही, काम समजून घ्यायचं आहे. सध्या शक्य नसेल तरी काही हरकत नाही.

यात सगळं वजन 'तुम्ही आधी विम्यात होतात' या वाक्यावर आहे. हे वाक्य दुसऱ्या कोणाला पाठवता येणार नाही. निरोपातलं निदान एक वाक्य असं हवं, की नाव बदलून ते पुढे ढकलता येऊ नये. हल्ली एआयकडून लिहून घेतलेले निरोप ढिगाने येतात: 'आपला प्रेरणादायी प्रवास पाहून मी भारावून गेलो, आपल्या बहुमोल मार्गदर्शनाचा लाभ व्हावा.' त्यात व्याकरणाची एकही चूक नसते आणि वाचणाऱ्याला तुमच्याबद्दल काहीही कळत नाही. शुद्धलेखन तपासून घ्या हवं तर, पण ते एक वाक्य स्वतः लिहा.

बायोडेटा जोडू नका. तो जोडला की 'नोकरीसाठी विचारत नाही' या वाक्यावर कोण विश्वास ठेवणार?

कोणी मध्यस्थ असेल तर त्याचं नाव पहिल्याच ओळीत घाला, आणि त्याआधी 'तुमचं नाव घेऊ का' हे त्याला विचारा. मध्यस्थाने नुसता मोबाइल नंबर दिला असेल तर थेट फोन लावू नका. त्याला आधी त्या माणसाला विचारू द्या, मग मेसेज, मग फोन. संबोधन पहिल्या निरोपात सर किंवा मॅडमच ठेवावं. पुढे त्यांनीच 'अगं, नावाने हाक मार' म्हटलं तर मारावी. क्षेत्र बदलणाऱ्यांना कधी कधी स्वतःहून दहा वर्षांनी लहान माणसाकडे विचारायला जावं लागतं. तिथेही सुरुवात 'तुम्ही'नेच करा, कारण या विषयात तोच थोरला आहे.

उत्तर आलं नाही तर आठ-दहा दिवसांनी एकच छोटी आठवण: 'मागचा निरोप कदाचित नजरेआड झाला असेल, म्हणून पुन्हा लिहितो आहे.' त्यानंतर विषय सोडून द्या. गप्प राहण्याची कारणं शंभर असतात, आणि त्यातली बहुतेक तुमच्याशी संबंधित नसतात.

पायरी ४ : भेटीआधी

हे थोडक्यात. वेळ ठरली की तारीख, वेळ आणि लिंक किंवा ठिकाण एका ओळीत लिहून पक्कं करा. दोघं वेगवेगळ्या देशांत असाल तर कुठल्या देशाची वेळ तेही लिहा. अनोळखी माणसाला प्रत्यक्ष भेटायचं तर त्यांच्या ऑफिसात किंवा सार्वजनिक जागी भेटा, आणि घरी कोणाला तरी सांगून ठेवा. व्हिडिओ कॉलने काम भागत असेल तर तेच बरं.

सहा-सात प्रश्न लिहा आणि त्यातल्या तिनांवर खूण करा. भेट दहा मिनिटांत गुंडाळावी लागली तर हे तीनच विचारायचे.

'मार्गदर्शनाचे' पैसे, नोंदणी फी, 'आमचा कोर्स केलात तर आत घेऊ' असं काही भेटीआधी किंवा भेटीत निघालं, तर नम्रपणे उठा. पैसे घेऊन सल्ला देणारे व्यावसायिक असतात, पण ते दर आधीच सांगतात, आणि तो वेगळा व्यवहार आहे.

पायरी ५ : प्रत्यक्ष बोलणं

पहिला मिनिट तुमचा. आभार, स्वतःबद्दल दोन वाक्यं, आणि 'माझ्याकडे पावणेसहापर्यंतचा वेळ आहे ना?' ही खात्री. बोलणं रेकॉर्ड करायचं असेल तर आधी विचारा. खरं तर करूच नका. रेकॉर्डर चालू असला की माणूस भाषण करतो. वही-पेन पुरे.

मग थेट इथून सुरुवात करा: 'काल तुम्ही दिवसभर काय काय केलंत?'

'तुमच्या कामाचं स्वरूप काय?' असं विचारलं तर तयार उत्तर मिळतं, तेच जे ते लग्नकार्यात पाहुण्यांना देतात. कालचा दिवस विचारला तर तयार उत्तर नसतं, आठवावं लागतं. ॲप डिझाइन करणाऱ्या एखाद्याशी बोलणं साधारण असं जाईल:

'काल? काल काही विशेष नाही झालं.'

'चालेल. सकाळी पहिलं काय केलंत?'

'सकाळी… डेव्हलपरचे मेसेज आले होते, त्यांना बटणाच्या जागेवरून शंका होत्या. त्यात तास गेला. मग रिव्ह्यू. त्यात प्रॉडक्टवाल्यांना मागच्याच आठवड्यातली गोष्ट पुन्हा पटवून द्यावी लागली. दुपारी स्लाइड्स. काल डिझाइन असं काहीच केलं नाही हो.'

ते शेवटचं वाक्य कुठल्याही माहितीपत्रकात सापडणार नाही. आता पुढचा प्रश्न आपोआप सुचतो: असे दिवस आठवड्यात किती? आणि पटवून देण्याचं हे काम तुम्हाला आवडतं की नाइलाजाने करता? चित्रं काढायला आवडतात म्हणून या क्षेत्राकडे ओढलेल्या मुलाला इथे समजतं, की या नोकरीत बोलावंही भरपूर लागतं.

कालच्या दिवसानंतर विचारण्यासारखं बरंच असतं. गेल्या महिन्यात कशाचा कंटाळा आला? कुठल्या कामात वेळ कसा गेला कळलं नाही? तुमच्या टीममध्ये शेवटचा नवा माणूस आला, त्याच्यात काय पाहून घेतलं? तो पहिल्या सहा महिन्यांत कुठे अडखळला? इथे येण्याआधी तुम्ही जे शिकलात त्यातलं काय वापरलं जातं आणि काय पडून आहे? हे सगळे प्रश्न घडलेल्या गोष्टींबद्दल आहेत. 'या क्षेत्राला भविष्य आहे का?' याचं उत्तर कोणाकडेच नसतं, तरी देतात मात्र सगळे. 'मी काय करावं?' हाही तसाच. वीस मिनिटांपूर्वी भेटलेल्या माणसावर तुमच्या आयुष्याचा निर्णय टाकू नका.

वहीतले प्रश्न एकामागून एक वाचत सुटू नका. हार्वर्डमधल्या संशोधकांनी २०१७ मध्ये संभाषणांचा अभ्यास केला, तेव्हा जास्त प्रश्न विचारणारी माणसं समोरच्याला जास्त आवडली. त्यातही समोरच्याच्या उत्तराचा धागा धरून पुढचा प्रश्न विचारणारी. कारण ऐकल्याशिवाय असा प्रश्न विचारताच येत नाही. 'पुन्हा पटवून द्यावं लागलं म्हणालात, म्हणजे नेमकं काय झालं?' एवढं पुरतं. आणि ते थांबले की लगेच बोलू नका. दोन-तीन सेकंद गप्प राहिलात तर खरी गोष्ट बरेचदा त्यानंतर बाहेर येते.

पगाराचं काय? 'तुम्हाला किती मिळतं' हे विचारू नये. 'या कामात नवीन माणसाला साधारण कुठून कुठपर्यंत मिळतं, आणि तीन वर्षांनी?' हे बोलणं रुळल्यावर विचारता येतं. त्यांनी टाळलं तर पुढे जा. कंपनीच्या आतल्या गोष्टी, चालू प्रकल्प, ग्राहकांची नावं यांच्या वाटेला जाऊ नका. त्यांना अडचणीत आणून मिळालेली माहिती तुम्हाला वापरताही येणार नाही.

काही माणसं पहिल्या मिनिटापासून तक्रारीचा पाढा वाचतात: 'या लाइनमध्ये येऊच नकोस.' काहींना सगळं सोन्याचं दिसतं. दोघांनाही एकच प्रश्न: 'हे या कामामुळे होतं की सध्याच्या ठिकाणामुळे?' साहेबांचा राग पेशावर निघालेला असू शकतो. आणि नुकतीच बढती मिळालेल्याचं कौतुकही तितकंच जपून घ्यावं.

ठरलेल्या वेळेच्या तीन-चार मिनिटं आधी तुम्हीच म्हणा, 'वेळ होत आली, शेवटचा प्रश्न विचारतो.' त्यांनी 'बसा हो, घाई नाही' म्हटलं तर बसा. न म्हटलं तर उठा. आणि तो शेवटचा प्रश्न ठरलेला असू द्या: 'हे ऐकून मी आणखी कोणाशी बोलावं असं तुम्हाला वाटतं?' ओळखींची साखळी या एका प्रश्नावर पुढे सरकते. आधी विचारलात तर आगाऊपणा वाटेल. वीस मिनिटं नीट ऐकल्यावर विचारलात तर त्यांनाच नाव सुचतं. नाव सुचलं की लगेच 'तुमचं नाव सांगितलं तर चालेल का?' हेही विचारून घ्या.

कधी कधी ते स्वतःहून म्हणतात, 'तुझा बायोडेटा पाठव बघू.' तेव्हा संकोच करू नका. अट तुम्ही न मागण्याची होती, दिलेलं नाकारण्याची नाही. त्याच संध्याकाळी पाठवा.

पायरी ६ : त्याच दिवशी वहीत उतरवा

रात्र उलटली की ऐकलेलं आणि आपल्याला वाटलेलं यांची सरमिसळ होते. म्हणून त्याच दिवशी तीन भागांत लिहा: त्यांनी सांगितलेल्या घटना, त्यांची मतं, आणि माझ्या गृहीतकांपैकी काय टिकलं, काय पडलं. पहिल्या पायरीतली ती तळाची ओळ काढून समोर ठेवा.

एका भेटीवर काहीच ठरवू नका, ना होकार ना नकार. एका दिशेने निदान तिघांशी बोला. पुढच्या भेटीत जे ऐकाल ते आधीच वहीत आहे असं व्हायला लागलं की त्या दिशेचं काम झालं. काहींना तोवर चार भेटी लागतात, काहींना आठ. त्यापुढेही भेटत राहिलात तर ती चौकशी उरत नाही, निर्णय लांबवण्याचं निमित्त होतं. मग प्रत्यक्ष काहीतरी करून पाहायची वेळ येते: एखादं छोटं काम, दोन दिवस कोणाच्या शेजारी बसून पाहणं, एखादा अल्पमुदतीचा वर्ग.

पायरी ७ : आभार, आणि त्यानंतर

चोवीस तासांच्या आत आभाराचा निरोप जायला हवा. 'खूप छान वाटलं, धन्यवाद' हा कोणीही लिहितो. तुम्ही असं लिहा: 'दिवसातला मोठा भाग पटवून देण्यात जातो, हे तुम्ही सांगितलंत ते माझ्या डोक्यातच नव्हतं. तुम्ही सुचवलेला सराव या आठवड्यात सुरू करते आहे.' टेक्सास विद्यापीठातले अमित कुमार आणि शिकागो विद्यापीठातले निकोलस एपली यांनी २०१८ मध्ये आभारपत्रांवर प्रयोग केले. आपल्या पत्राने वाचणाऱ्याला किती बरं वाटेल, हा लिहिणाऱ्यांचा अंदाज खूप कमी होता, आणि अवघडलेपण वाटेल हा अंदाज जास्त. संकोच वाटत असेल तर हे लक्षात ठेवा आणि पाठवून टाका.

इथवर बरेच जण येतात आणि थांबतात. पण एका भेटीने ओळख झाली, संपर्क अजून जुळायचाय. तो जुळतो महिन्या-दीड महिन्यानंतरच्या निरोपाने: तुम्ही सांगितलेलं मी केलं, आणि असं झालं. सांगितलेला कोर्स पाहिला, अर्ध्यावर सोडला कारण तो फार सोपा निघाला, त्याऐवजी हा केला. सुचवलेल्या सरांशी बोललो, त्यांनी वेगळीच बाजू सांगितली. सल्ला मागणारे पुष्कळ भेटतात, त्याचं पुढे काय झालं हे कळवणारे क्वचित. दोन-तीन वेळा असं कळवलंत की तुमचं नाव त्या माणसाच्या लक्षात राहतं, आणि जागा निघाल्यावर ते आठवतं.

क्षेत्र नको असं ठरवलंत तरी कळवा. 'तुमच्याशी बोलल्यामुळेच कळलं की हे माझ्यासाठी नाही' हे वाचून कोणाला वाईट वाटत नाही. उलट आपली वीस मिनिटं कारणी लागली असं वाटतं. ज्याने नाव सुचवलं त्या मध्यस्थालाही भेट कशी झाली ते सांगा. तो बिचारा सगळ्यात आधी विसरला जातो.

रोज सकाळी 'शुभ प्रभात'चं चित्र पाठवणं म्हणजे संपर्क ठेवणं नव्हे. त्याने नंबर म्यूट होतो. चार-सहा महिन्यांतून एकदा, सांगण्यासारखं असेल तेव्हा लिहा. त्यांच्या कामाशी जुळणारी बातमी दिसली, त्यांच्या टीममधल्या जागेसाठी योग्य कोणी माहीत असेल, त्यांच्या ॲपमध्ये काही बिघडलेलं दिसलं, तर तेही कळवा. नवख्याकडेही देण्यासारखं असतं. त्यांच्याशी झालेलं बोलणं नावानिशी सोशल मीडियावर टाकायचं असेल तर मात्र आधी विचारा, आणि ते जरा जरी घुटमळले तरी टाकू नका.

यासाठी एक साधा तक्ता पुरतो: नाव, भेटीची तारीख, कोणामार्फत, काय म्हणाले, मी काय करतो म्हणालो, पुढचा निरोप कधी. 'मी काय करतो म्हणालो' हा रकाना दर रविवारी बघा.

पुढे त्यांच्याच कंपनीत जागा निघाली तर? आता विचारायला हरकत नाही, कारण आता तुम्ही खरोखरच अर्ज करताय आणि ते तुम्हाला ओळखतात. आधी रीतसर अर्ज भरा, मग लिहा: 'तुमच्याकडच्या ज्युनिअर पदासाठी काल अर्ज केला. माझ्याबद्दल दोन शब्द सांगावेत असं तुम्हाला मनापासून वाटलं तरच सांगा, नाहीतर काहीच नको. अर्जाची प्रत सोबत जोडली आहे.' नाही म्हणायला मोकळी जागा ठेवलीत की हो म्हणणाऱ्याच्या शब्दाला वजन येतं, आणि नाही म्हणणाऱ्याशी पुन्हा बोलताना दोघांनाही अवघड वाटत नाही.